शेतमालाच्या पिकअप गाडीस सपाट हौदा कसा बांधावा ?

मुंबईच्या उपनगरातील पवई म्हटले की आज उंच इमारती डोळ्यांसमोर येतात. परंतु या गावाचा शेतीशी असलेला संबंध जुना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पवईची जहागीर फ्रामजी कावसजी बनाजी यांच्याकडे होती व तेथे त्यांनी उसासारख्या पिकांचे प्रयोग केले. मिठी नदीस मिळणाऱ्या ओढ्यावर बांध घालून १८९१ साली पवईचा तलाव तयार झाला. तलावाच्या पलीकडील टेकड्यांत १९४९ साली आरे दुग्धवसाहत स्थापन झाली आणि शहरातील गोठे तेथे हलविण्यात आले. तेव्हापासून चारा, पेंड, शेणखत आणि दूध यांची ने-आण या भागाच्या नित्य परिचयाची झाली.

मोटारगाडीची परंपराही येथून दूर नाही. शेजारच्या कुर्ल्यास प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात डॉज व फार्गो मालमोटारी तयार होत असत. १९४७ साली महिंद्र कंपनीने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास योजनेस प्रारंभ झाल्यावर हीच जीप विकास गटाची गाडी म्हणून खेडोपाडी ओळखीची झाली. आज शेतकऱ्याच्या दारी दिसणारी पिकअप गाडी ही त्या जीपचीच पुढची पिढी होय. फरक एवढाच की, जीप माणसांसाठी होती. पिकअप मालासाठी आहे आणि मालाचा सारा भार तिच्या हौद्यावर येतो.

पुष्कळ शेतकरी केवळ कॅब व चासी असलेली गाडी विकत घेतात आणि आपल्या गरजेप्रमाणे हौदा बांधून घेतात. कोणी जुन्या गाडीचा हौदा काढून नवा बसवितात. हे काम वरवर सोपे दिसते. चार चॅनेल, दोन पत्रे आणि एक वेल्डिंगवाला एवढ्यावर ते भागेल, असा समज असतो. परंतु चुकीच्या हौद्यामुळे चासीस तडा जातो, गाडी पाणंदीत कलंडते आणि अपघात झाल्यास विम्याचा दावा अडचणीत येतो. कर्ज काढून घेतलेल्या गाडीच्या बाबतीत हे नुकसान एका हंगामात भरून निघणारे नसते. यास्तव या कामाची मूलतत्त्वे प्रत्येक शेतकऱ्याने व ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने समजून घेणे अगत्याचे आहे.

प्रथम कागद, मग लोखंड

हौद्याचे काम कारागिराकडे सोपविण्यापूर्वी कायद्याची बाजू पाहावी. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणी-पुस्तकात नमूद असलेला व कारखानदाराने ठरवून दिलेला तपशील बदलेल असा फेरफार मालकास परस्पर करता येत नाही. जुन्या गाड्यांपासून चालत आलेली 'गाडी माझी, हौदाही माझ्या मर्जीचा' ही समजूत आता टिकणारी नाही; २०१९ सालच्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही कारखानदाराच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार करता येणार नाही, असा निर्णय दिला आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अधिनियमात आलेल्या कलम १८२-अ प्रमाणे बेकायदेशीर फेरफारास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

याचा अर्थ हौदा बांधताच येत नाही असा नाही. सरळ मार्ग असा : गाडी नवी असेल तर कारखान्यातून 'कॅब-चासी' या स्वरूपातच घ्यावी. तात्पुरत्या नोंदणीवर ती हौदा बांधण्यास न्यावी. कारखानदाराच्या हौदा-बांधणी पुस्तिकेतील मर्यादा पाळून काम करून घ्यावे व प्रादेशिक परिवहन कार्यालयात तपासणी करवून हौद्यासह कायम नोंदणी करावी. गाडी जुनी असेल तर काम सुरू करण्यापूर्वी त्याच कार्यालयात लेखी विचारणा करून परवानगी घ्यावी. नंतर विमा कंपनीसही लेखी कळवावे. कारागिराचे बिल, त्यावर हौद्याचे माप व वजन, आणि परवानगीचा कागद ही तिन्ही एकत्र जपून ठेवावीत.

हौद्याचे वजन म्हणजे कमी झालेला माल

गाडीचे सकल वजन ठरलेले असते. त्यात चासी, कॅब, हौदा, चालक, सोबती आणि माल हे सर्व आले. हौदा जितका जड, तितका माल कमी. हिशोब समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ.

समजा, गाडीचे मंजूर सकल वजन ३,००० किलो आहे. कॅब व चासी १,४०० किलो आणि दोन माणसे १५० किलो धरली, तर १,४५० किलो उरतात. हौदा २५० किलोचा असेल तर माल १,२०० किलो नेता येईल. तोच हौदा ४०० किलोचा बांधला तर माल १,०५० किलोच नेता येईल. म्हणजे प्रत्येक खेपेस १५० किलो, अर्थात वीस किलोच्या सात क्रेट टोमॅटो घरीच राहतील. आणि परत येताना रिकाम्या गाडीबरोबर ते १५० किलो लोखंड वाहण्यास डिझेल जळेल ते वेगळेच.

'मजबूत' म्हणजे 'जाड' नव्हे, हे येथे ध्यानात घ्यावे. अडीच मीटर लांब व १.७ मीटर रुंद हौद्याचे क्षेत्रफळ ४.२५ चौरस मीटर होते. त्यावर ३ मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा घातल्यास पत्र्याचेच वजन सुमारे १०० किलो होते. ५ मिलिमीटरचा घातल्यास सुमारे १६७ किलो. पत्रा जाड करण्याऐवजी त्याखालील आडव्या पट्ट्या जवळजवळ घेतल्यास पातळ पत्राही दबत नाही. भाजीपाला, चारा व दुधाच्या कॅनसाठी १८ मिलिमीटर जाडीचे जलरोधक प्लायवूडही चालते. तेवढ्याच क्षेत्रास त्याचे वजन साधारणतः ५० ते ५५ किलो भरते. दगड, वाळू किंवा अवजारे नेहमी न्यावयाची असतील तर मात्र पोलादी पत्राच योग्य.

वजनाची मर्यादा ओलांडणे हा धंद्याचा भाग आहे, असे कोणी समजू नये. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अधिनियमाच्या कलम १९४ मध्ये जादा वजनास २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड सांगितला आहे. शिवाय जादा माल उतरवून घेतला जातो.

उलाळ ओळखावी

बैलगाडी भरताना जाणता गडी माल आसाच्या पुढे-मागे बेताने रचतो. माल मागे गेला की गाडी उलाळते, जू वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्यास जोते काचतात. पिकअप गाडीस हाच नियम लागू आहे. फक्त तेथे जुवाच्या जागी पुढची चाके असतात.

पुढच्या व मागच्या चाकांच्या आसांतील अंतर ३,००० मिलिमीटर व माल १,२०० किलो असे धरू. मालाचा मध्य मागच्या आसाच्या ३०० मिलिमीटर पुढे असेल, तर मागच्या आसावर १,०८० किलो व पुढच्या आसावर १२० किलो भार पडतो. तोच मध्य मागच्या आसाच्या ३०० मिलिमीटर मागे गेला, तर मागच्या आसावर १,३२० किलो पडतात आणि पुढचा आस उलट १२० किलोने हलका होतो. एकूण वजन काट्यावर तेवढेच दिसते. परंतु सुकाणू हलके पडते, ब्रेक लावताना पुढची चाके पुरेशी पकड घेत नाहीत आणि घाटाच्या चढावर गाडी मन मानेल तिकडे जाऊ लागते. मागच्या आसाची मर्यादाही नकळत ओलांडली जाते.

हौद्याची लांबी ठरविताना हेच सूत्र वापरावे. कॅबची पाठ मागच्या आसाच्या १,५०० मिलिमीटर पुढे आहे व कॅब आणि हौदा यांत ७५ मिलिमीटर फट ठेवली, असे समजा. २,५०० मिलिमीटर लांबीच्या हौद्याचा मध्य आसाच्या १७५ मिलिमीटर पुढे येतो. ही रचना चांगली. नियमाप्रमाणे मागे लोंबणारा भाग दोन्ही आसांतील अंतराच्या ६० टक्क्यांपर्यंत, म्हणजे येथे १,८०० मिलिमीटरपर्यंत, चालू शकतो. परंतु कोणी त्या मर्यादेपर्यंत हौदा लांबविला तर त्याचा मध्य आसाच्या सुमारे १८७ मिलिमीटर मागे जाईल. नियमात बसणारी प्रत्येक गोष्ट हितावह असतेच असे नाही. शिवाय लांब शेपटाची गाडी ओढा किंवा बांध चढताना मागून जमिनीस घासते.

चासीस पिळण्यास वाव द्यावा

डांबरी रस्त्यावर चासी फारशी पिळत नाही. पाणंद रस्त्यावर मात्र एक चाक चाकोरीत व दुसरे दगडावर असते. अशा वेळी चासी पीळ खाते, आणि तिने तो खावा अशीच तिची रचना असते. वर कडक हौदा चारही बाजूंनी घट्ट जखडला तर हा पीळ एखाद्याच जागी, बहुधा कॅबच्या पाठीमागे, एकवटतो आणि तेथे तडा जातो.

हे टाळण्यासाठी पुढील पद्धत अवलंबावी. प्रथम चासीच्या दोन्ही लांब तुळयांवर दोन लांब चॅनेल ठेवून उपचौकट तयार करावी. चासी व उपचौकट यांच्यामध्ये रबराची जाड पट्टी घालावी. पूर्वी येथे लाकडी पट्टी घालीत. परंतु लाकूड ओल धरते, त्यामुळे खाली गंज चढतो, आणि वाळल्यावर ते आकसून बोल्ट सैल पडतात. उपचौकटीचे पुढील टोक सरळ कापू नये; ते खालच्या बाजूने तिरके उतरते करावे, म्हणजे भार एकाच रेषेवर पडत नाही. मागील बाजूची बांधणी पक्की करावी व कॅबजवळील बांधणी स्प्रिंगच्या बोल्टांनी करावी, म्हणजे चासी पिळली असता पुढील टोक किंचित उचलले जाऊन पुन्हा जागेवर बसते.

चासीच्या वरच्या व खालच्या पाकळीस भोक पाडू नये आणि तिच्यावर वेल्डिंग करू नये. कारखानदाराने बांधणीसाठी जे कंस किंवा भोके दिली असतील तीच वापरावीत. यू बोल्ट वापरावयाचे झाल्यास पाकळी दबू नये म्हणून चासीच्या पोटात पोलादी आधार घालावा. ब्रेकची नळी, डिझेलची नळी वा विजेची तार बोल्टाखाली चिरडली जात नाही, याची खात्री स्वतः वाकून करावी. उपचौकटीचे वेल्डिंग गाडीवर करावे लागलेच, तर आधी बॅटरीची तार सोडावी, वेल्डिंगची जमिनीची पकड जोडाच्या जवळच लावावी आणि डिझेलच्या टाकीस ठिणगी लागणार नाही असा आडोसा करावा. आजच्या गाडीत इंजिनाचे नियंत्रण विद्युत्-यंत्रणेवर चालते; एका चुकीच्या झटक्याने ती निकामी होऊ शकते.

उंची, चाके आणि पाटे

हौदा जितका उंच, तितकी गाडी कलंडण्याचा संभव अधिक. दोन्ही चाकांतील आडवे अंतर १.४ मीटर असलेल्या गाडीचा भरल्या स्थितीतील गुरुत्वमध्य जमिनीपासून एक मीटरवर असेल, तर केवळ गणिताप्रमाणे ती सुमारे ३५ अंश कलल्यावर उलटेल. गुरुत्वमध्य १.४ मीटरवर गेला की हाच कोन सुमारे २६ अंशांवर येतो. प्रत्यक्षात पाटे व टायर दबत असल्याने आणि वळणावरील ओढीमुळे गाडी याच्याही बरीच आधी उलटते. कडबा किंवा कापूस वजनास हलका वाटतो. परंतु त्याचा ढीग उंच जात असल्याने तो या दृष्टीने धोक्याचाच माल होय.

तथापि हौदा फार खालीही घेऊ नये. खड्ड्यातून जाताना मागचे चाक वर येते. भरल्या गाडीचे चाक पूर्ण वर आले असताही टायर हौद्यास लागता कामा नये. यासाठी कारखानदाराच्या पुस्तिकेत दिलेले अंतर पाळावे आणि चाकावर चिखलरोधक पंखा बसवावा.

पाटे वाढविल्याने गाडीची ताकद वाढते, हा समज चुकीचा आहे. आस, टायर, ब्रेक व चासी तीच राहतात. फक्त गाडी बसलेली दिसत नाही, म्हणून जादा भार डोळ्यांस कळत नाही. काही गाड्यांत मागच्या ब्रेकचा जोर गाडी किती दबली आहे यावरून आपोआप ठरतो. अशा गाडीचे पाटे वाढविल्यास भरल्या गाडीसही ती रिकामी आहे असे समजून ब्रेक कमी लागतो. उतारावर याचा परिणाम काय होईल, हे सांगण्याची गरज नाही.

फाळके, जाळी आणि हूक

सपाट हौद्याचा मोठा फायदा असा की, तिन्ही बाजूंचे फाळके पाडता येतात. खताची पोती पाठीवरून घेताना, किंवा पंप व कुट्टीयंत्र चढविताना, ही सोय मोलाची ठरते. फाळक्याच्या बिजागऱ्या व खिट्ट्या दणकट असाव्यात आणि प्रत्येक खिट्टीस निसटू नये म्हणून साखळीची पिन असावी. कॅबच्या मागे काचेच्या उंचीपर्यंत पोलादी नळ्यांची जाळी उभी करावी आणि तिचे पाय पत्र्यावर न टेकविता उपचौकटीस जोडावेत. जोरात ब्रेक लागला असता पाइप किंवा बांबू पुढे सरकून थेट चालकाच्या पाठीत शिरतात. ही जाळी चालकाचा जीव वाचविते.

दोर बांधण्याचे हूक पत्र्यास किंवा फाळक्यास लावू नयेत. ते आडव्या पट्ट्यांच्या टोकांस लावावेत. अचानक ब्रेक लागल्यास मालाच्या वजनाच्या सुमारे आठ दशांश जोराने माल पुढे ओढला जाईल, असे धरून बांधणी करण्याची रीत आहे. म्हणजे ६०० किलोच्या अवजारास सुमारे ४८० किलोचा ओढा सोसणारी बांधणी हवी. झिजलेला नारळी सोल यासाठी पुरेसा नाही. कुलूपकडीचे रुंद पट्टे वापरावेत आणि क्रेटचा माल पुढील जाळीस भिडवूनच रचावा. हौद्याबाहेर डोकावणारे गज वा पाइप नेऊ नयेत. त्यास कायद्याने मनाई आहे.

मागील दिवे, क्रमांकाची पाटी आणि परावर्तक पट्ट्या फाळका पाडला असताही दिसतील अशा जागी बसवाव्यात. पहाटेच्या अंधारात बाजारास निघणाऱ्या गाडीस याची विशेष गरज आहे.

गंजापासून रक्षण

शेतमालाच्या हौद्याचा खरा शत्रू गंज हाच होय. रासायनिक खताचे कण, जनावरांचे मूत्र आणि मीठ यांनी लोखंड झपाट्याने खाल्ले जाते. पवई व कोकणासारख्या भरपूर पावसाच्या भागात हे अधिकच जाणवते. यासाठी पोकळ नळ्यांची तोंडे बंद करावीत, किंवा त्यांतील पाणी निघून जाईल अशी लहान छिद्रे ठेवावीत. पत्र्याच्या कोपऱ्यांत निचऱ्याची भोके ठेवावीत. वेल्डिंगवरील राखेचा थर घासून काढून गंजरोधक अस्तर व त्यावर दोन हात रंग द्यावा. खताची खेप झाली की त्याच दिवशी हौदा पाण्याने धुवावा.

नव्या हौद्याचे बोल्ट पहिल्या आठवड्यानंतर पुन्हा आवळावेत. त्यानंतर प्रत्येक हंगामाच्या आरंभी बोल्ट, वेल्डिंगचे जोड व कॅबमागील चासीचा भाग कापडाने पुसून तपासावा. रंगात केसासारखी रेघ दिसली तर तो तडा समजून गाडी उभी करावी.

हौदा माणसांसाठी नव्हे

शेवटची सूचना सर्वांत महत्त्वाची आहे. सपाट हौदा तयार झाला की लावणी-काढणीच्या दिवसांत मजूर त्यावर बसवून नेण्याचा मोह होतो. क्रेटच्या थप्पीवर बसलेल्या बाया व मुले हे दृश्य आपल्या रस्त्यांवर नवे नाही. हौद्यास आसन नाही, पट्टा नाही, आणि पाडता येणारा फाळका हा कठडा नव्हे. मालवाहू गाडीत प्रवासी म्हणून बसलेल्यांच्या नुकसानीची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली दिला आहे. म्हणजे अपघात झाल्यास ज्या घरचे माणूस गेले त्या घरास भरपाई मिळण्याची वाट बिकट होते आणि गाडीमालकाची जमीनही त्यात जाऊ शकते. मजुरांसाठी वेगळी प्रवासी गाडी ठरवावी. तिचे भाडे कितीही वाटले तरी ते या किंमतीपुढे अल्पच आहे.

कार्यकर्त्यांनी काय करावे ?

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हंगामापूर्वी गावातील पिकअपमालकांस एकत्र बोलवावे आणि एखाद्या गाडीजवळ उभे राहून पुढील बाबी प्रत्यक्ष दाखवाव्यात : (१) नोंदणी-पुस्तकातील रिकामे व सकल वजन, (२) वजनकाट्यावर दोन्ही आसांचे वेगवेगळे वजन कसे घ्यावे, (३) कॅबमागील चासीची तपासणी, (४) हूक व पट्ट्यांची योग्य बांधणी. वजनकाट्यावर प्रथम पुढची चाके व नंतर सारी गाडी चढवून दोन पावत्या घेतल्या की मागच्या आसावरील भार वजाबाकीने कळतो. एवढी एक गोष्ट गावास समजली तरी पुष्कळ काम होईल.

चांगला हौदा हलका असतो, चासीस पिळू देतो, माल पुढे ठेवतो आणि कागदावर नोंदलेला असतो. असा हौदा बांधून घेणारा शेतकरी माल बाजारात पोहोचवितो आणि स्वतःही सुखरूप घरी येतो.